अंशचिन्हाआधीचे टोपीवाले अक्षर : नुंगंबाक्कमच्या हवामान नोंदींतून अक्षरसंकेतनाचा इतिहास

प्रस्तावना

चेन्नईच्या पावसाच्या बातम्या ऐकणाऱ्यांना दोन नावे ओळखीची असतात : नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. शहरात किती पाऊस पडला, पारा कुठवर चढला, हे या दोन केंद्रांच्या आकड्यांवरून सांगितले जाते. मीनंबाक्कम म्हणजे विमानतळ. नुंगंबाक्कम म्हणजे कॉलेज रोडवरचे प्रादेशिक हवामान केंद्राचे आवार.

समजा, एका विद्यार्थ्याने प्रकल्प म्हणून हवामान दाखवणारे छोटे मोबाइल ॲप तयार केले. संगणकावर सगळे ठीक दिसत होते. फोनवर मात्र '३४.२°' मधल्या अंशचिन्हाच्या आधी डोक्यावर टोपी असलेले रोमन 'ए' अक्षर आले, आणि 'नुंगंबाक्कम' या नावाच्या जागी अर्थहीन रोमन चिन्हांची रांग लागली. विद्यार्थ्याने शोधा-आणि-बदला वापरून ते टोपीवाले 'ए' काढून टाकले. तापमान नीट दिसू लागले, पण नाव तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी पाऊस दाखवणारे ढगाचे चित्रचिन्ह घातल्यावर पुढचा सगळा मजकूरच नाहीसा झाला.

त्याने बिघाड दुरुस्त केला नव्हता, फक्त बिघाडाची खूण पुसली होती. हे टोपीवाले अक्षर आले कुठून, याचे उत्तर संगणकशास्त्राइतकेच इतिहासातही आहे. या पाठाचे मुख्य सूत्र एकच आहे. यंत्र अक्षर साठवत नाही, अंक साठवते. तो अंक कोणत्या तक्त्यावरून वाचायचा, हा पाठवणारा आणि वाचणारा यांच्यातला करार असतो. मजकूर पोचला पण करार पोचला नाही, की अक्षरे बिघडतात.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर आपल्याला
- दगडी लेखापासून युनिकोडपर्यंत मजकूर नोंदवण्याच्या पद्धती कशा बदलल्या ते सांगता येईल;
- पडद्यावर दिसणाऱ्या बिघाडावरून तो कोणत्या टप्प्यावर झाला याचा अंदाज करता येईल;
- मराठीतील 'ऱ्य' आणि 'ॲ' ही अक्षरे मोबाइल ॲपमध्ये वारंवार का अडतात ते समजेल.

१. ज्या लेखाला तक्ता लागत नाही

१७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीतील अधिकारी विल्यम पेट्री यांनी मद्रासला खासगी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीकडे आली आणि १७९२ मध्ये नुंगंबाक्कमला तिच्यासाठी स्वतंत्र इमारत झाली. इमारतीचे काम मायकेल टॉपिंग यांनी पाहिले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन गोल्डिंगहॅम यांच्या काळात, १७९६ पासून, तेथे हवामानाच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. खगोलशास्त्राचे काम १८९९ मध्ये कोडाइकनालला हलले. हवामानाचे काम मात्र त्याच जागी राहिले.

दुर्बीण बसवण्यासाठी उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आजही त्या आवारात आहे. त्यावर टॉपिंग यांचे नाव, रोमन अंकांत १७९२ हे साल आणि अनेक भाषांतला कोरीव मजकूर आहे. त्यात तमिळ आणि तेलुगूही आहेत. हजार वर्षांनंतरच्या लोकांनाही वेधशाळेची माहिती मिळावी, असा तो लेख कोरण्यामागचा हेतू होता.

आपल्या विषयासाठी या स्तंभातली महत्त्वाची गोष्ट अशी, की दगडावर अक्षराचा आकार हीच नोंद आहे. लिपी येत असेल तर मजकूर वाचता येतो. ऊन, पाऊस आणि माणसाचा हात यांनी आकार झिजू शकतो, पण तमिळ अक्षर कोरले आणि वाचणाऱ्याला तेथे भलतेच अक्षर दिसले, असे कधी होत नाही. आकार आणि अर्थ यांच्यामध्ये तिसरे काही नसते. पुढच्या दोनशे वर्षांत मजकूर वेगाने दूर पाठवायची गरज पडली आणि मध्ये हे तिसरे आले : अंक आणि त्यांचा तक्ता.

२. तारेतून जाणारे आकडे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात तारयंत्र आले. ठिपका आणि रेघ यांच्या संकेतांत फक्त रोमन अक्षरे, अंक आणि थोडी विरामचिन्हे बसत. अंशचिन्हाला त्यात जागा नव्हती. शिवाय शब्दामागे पैसे पडत, म्हणून मजकूर आखूड ठेवणे भाग होते.

१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. ठिकठिकाणच्या केंद्रांवरून एकाच ठरलेल्या वेळी घेतलेल्या नोंदी तारेने एकत्र आल्या, तरच हवामानाचा नकाशा काढता येतो. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. देशभरच्या केंद्रांवरून येणारे आकडे तेथे नकाशावर मांडले जात.

या नोंदी पाच-पाच अंकांच्या गटांत लिहिण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय करारांनी ठरत गेली. आजच्या पद्धतीत नुंगंबाक्कमचा केंद्रक्रमांक ४३२७८ आहे. पहिले दोन अंक विभागाचे, उरलेले तीन केंद्राचे. शेजारच्या मीनंबाक्कमचा क्रमांक ४३२७९. तापमान ३४.२ अंश सेल्सियस असेल तर गट पाठवतात १०३४२. त्यातला पहिला १ सांगतो की हा तापमानाचा गट आहे. पुढचा ० सांगतो की तापमान शून्याच्या वर आहे. खाली असते तर तेथे १ आला असता. उरलेले ३४२ म्हणजे अंशाचे दशांश भाग.

या गटात अंशचिन्ह, दशांशबिंदू, वजाचे चिन्ह यांपैकी काहीही नाही. तरी सगळा अर्थ आहे, कारण दोन्ही टोकांना एकच संकेतपुस्तक आहे. ते पुस्तक नसेल तर १०३४२ म्हणजे दहा हजार तीनशे बेचाळीस. ते पुस्तक कोणते, हे हवामान खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून ते संदेशात सांगावे लागत नव्हते. मर्यादित माणसांमध्ये असा न लिहिलेला करार चालतो. संगणक सर्वांचा झाल्यावर तो चालेनासा झाला.

३. एक अंक, अनेक अर्थ

१९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' हे प्रमाणक आले. सात बिटांत १२८ जागा. त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे. अंशचिन्ह त्यातही नव्हते. संगणकाचा बाइट आठ बिटांचा झाल्यावर १२८ ते २५५ या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे भरल्या.

१९८७ मध्ये पश्चिम युरोपीय भाषांसाठी ठरलेल्या लॅटिन-१ या तक्त्यात अंशचिन्हाला १७६ हा अंक मिळाला. आयबीएमच्या पहिल्या घरगुती संगणकांच्या तक्त्यात तेच चिन्ह २४८ वर होते आणि १७६ वर ठिपक्यांनी भरलेला चौकोन होता. मॅकिंटॉशच्या तक्त्यात अंशचिन्ह १६१ वर होते. एका संगणकावर लिहिलेले तापमान दुसऱ्यावर उघडले की चिन्ह बदलायचे. फाइलमधला अंक मात्र तोच असायचा.

भारतात याच काळात 'इस्की' हे प्रमाणक घडत होते. त्याचा १९८८ चा आराखडा पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून जाहीर झाला. आयआयटी कानपूर आणि नंतर पुण्याचे सी-डॅक यांनी या दिशेने मोठे काम केले. इस्कीमागची कल्पना सुबक होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींची वर्णमाला साधारण एकच आहे, मग 'क' या वर्णाला सर्व लिपींत एकच अंक द्यावा आणि लिपी कोणती ते वेगळे सांगावे. इस्कीत 'क' चा अंक १७९. देवनागरी निवडली तर देवनागरी क, तमिळ निवडली तर तमिळ क. आणि लॅटिन-१ मधल्या अंशचिन्हाचा १७६ हा अंक इस्कीत 'ओ' या स्वराचा होता.

म्हणजे १७६ हा एकच बाइट कुठे अंशचिन्ह, कुठे ठिपक्यांचा चौकोन, तर कुठे 'ओ'. बाइट पाहून तक्ता ओळखता येत नाही.

छपाईच्या व्यवसायाने तर तिसरीच वाट धरली. १९९० च्या दशकात मराठी आणि तमिळ दोन्हींत प्रत्येक फॉन्ट-कंपनीने रोमन अक्षरांच्या जागांवर आपापल्या अक्षरांचे तुकडे बसवले. फाइलमध्ये रोमन अक्षरेच असत. फॉन्ट लावला की ती मराठी दिसत, फॉन्ट काढला की निरर्थक होत. करार मजकुरात नव्हता, फॉन्टच्या नावात होता. तमिळमधला हा गोंधळ कमी करण्यासाठी फेब्रुवारी १९९९ मध्ये चेन्नईत 'तमिळनेट ९९' ही परिषद भरली आणि त्यानंतर तमिळनाडू सरकारने 'टॅम' आणि 'टॅब' हे तक्ते मान्य केले. मराठीत अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइली आजही रूपांतराची वाट पाहत पडून आहेत.

४. युनिकोड, आणि टोपीवाल्या अक्षराचा जन्म

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिचे तत्त्व असे, की जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा स्वतंत्र अंक. भारतीय लिपींची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली गेली. त्याची खूण आजही दिसते. देवनागरी 'क' चा अंक २३२५ आणि तमिळ 'क' चा २९६५, फरक ६४०. 'न' घेतला तरी फरक ६४० च. दोन्ही लिपींचे तक्ते इस्कीच्याच क्रमाने मांडलेले असल्यामुळे असे होते.

पण २३४४ हा 'न' चा अंक एका बाइटात मावत नाही, कारण बाइटाची मर्यादा २५५ आहे. म्हणून तो बाइटांत कसा लिहायचा, याचे वेगळे नियम लागतात. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत आखली. तिच्यात आस्कीची अक्षरे एका बाइटात जशीच्या तशी राहतात. बाकीच्यांना दोन ते चार बाइट लागतात. पहिला बाइटच सांगतो की आपल्यामागून किती बाइट येणार आहेत.

अंशचिन्हाचा युनिकोड अंक लॅटिन-१ प्रमाणे १७६ च राहिला, पण यूटीएफ-८ मध्ये तो दोन बाइटांत लिहितात : १९४, १७६. आता ॲपने हेच बाइट लॅटिन-१ समजून वाचले तर काय होईल? १९४ म्हणजे टोपीवाले 'ए' आणि १७६ म्हणजे अंशचिन्ह. आपल्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर नेमके हेच दिसत होते. हा बिघडलेला मजकूर पुन्हा यूटीएफ-८ म्हणून साठवला तर दोनाचे चार बाइट होतात : १९५, १३०, १९४, १७६. चूक प्रत्येक फेरीत वाढत जाते.

देवनागरी 'न' चे बाइट २२४, १६४, १६८. सर्व देवनागरी अक्षरांची सुरुवात २२४, १६४ किंवा २२४, १६५ ने होते. म्हणून चुकीच्या तक्त्याने वाचलेल्या मराठीत, डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए' आणि त्यामागे चलनाचे गोल चिन्ह, ही जोडी पुन्हा पुन्हा येते. तमिळची सुरुवात २२४, १७४ किंवा २२४, १७५ ने होते; तेथे त्याच 'ए' मागे वर्तुळात 'आर' असलेले नोंदणीकृत व्यापारचिन्ह येत राहते. कचरा पाहूनही मूळ लिपी ओळखता येते ती अशी. मजकूर अजून शाबूत आहे, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला आहे, असाही त्याचा अर्थ होतो.

५. नाव किती लांब आहे?

'नुंगंबाक्कम' हे नाव रोमन लिपीत १२ अक्षरांचे आहे आणि त्याला १२ बाइट लागतात. देवनागरीत कानामात्रा, अनुस्वार आणि हलन्त चिन्ह धरून ११ युनिकोड घटक आहेत. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे ३३ बाइट. तमिळमध्ये १४ घटक, ४२ बाइट. वाचणाऱ्याला मात्र देवनागरीत पाचच अक्षरे दिसतात : नुं, गं, बा, क्क, म.

माहितीसाठ्यात स्थानकाच्या नावासाठी ३२ बाइटांची जागा ठेवली असेल तर रोमन नाव सहज मावते. देवनागरीतील शेवटच्या 'म' चे दोनच बाइट मावतात, तिसरा कापला जातो, आणि पडद्यावर 'म' च्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह येते. विद्यार्थ्याने फक्त इंग्रजी नावांवर चाचणी घेतली असेल तर हा दोष त्याला कधीच दिसणार नाही.

ढगाच्या चित्रचिन्हाची गोष्टही याच जातीची. त्याला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या प्रसिद्ध माहितीसाठ्यात 'यूटीएफ८' नावाचा जो प्रकार होता, तो अक्षराला तीनच बाइट देत असे. चार बाइटांचा 'यूटीएफ८एमबी४' हा प्रकार २०१० मध्ये आला. जुन्या प्रकारात, कडक तपासणी बंद असेल तर, चित्रचिन्हापासून पुढचा सगळा मजकूर गुपचूप कापला जातो. आपल्या विद्यार्थ्याचा मजकूर नाहीसा होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

६. सत्तर घटकांचा इशारा

मोबाइलचा लघुसंदेश १४० बाइटांचा असतो. सात बिटांची अक्षरे वापरली तर त्यात १६० बसतात. जीएसएमच्या या मूळ तक्त्यात युरोपातील अनेक भाषांची खास अक्षरे आहेत, ग्रीक मोठी अक्षरे आहेत, पण अंशचिन्ह नाही. संदेशात तक्त्याबाहेरचे एकही चिन्ह आले तर सबंध संदेश दोन बाइटांच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. इंग्रजी इशाऱ्यात केवळ एक अंशचिन्ह घातल्याने तो दोन-तीन तुकड्यांत जाऊ शकतो. मराठी किंवा तमिळ संदेश तर सहसा याच पद्धतीत जातात.

समजा, असा संदेश पाठवायचा आहे :

'नुंगंबाक्कम: पुढील ३ तासांत मुसळधार पाऊस. वाऱ्याचा वेग ताशी ४० किमी. सखल भागांत जाऊ नका.'

यात ८८ घटक आहेत, म्हणजे एका संदेशात तो मावत नाही. तुकडे जोडण्याची माहितीही त्यातच ठेवावी लागत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ घटक बसतात. मोजून पाहिले तर पहिला तुकडा 'किमी' या शब्दावर संपतो. 'सखल भागांत जाऊ नका' हे वाक्य पूर्णपणे दुसऱ्या तुकड्यात जाते. जाळे कोलमडलेले असताना, जसे चेन्नईच्या २०१५ च्या पुरात अनेक भागांत झाले होते, दुसरा तुकडा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर माणसाला माहिती मिळेल पण काय करायचे ते कळणार नाही. म्हणून भारतीय भाषांतल्या इशाऱ्यात सूचना आधी आणि तपशील नंतर, हा क्रम ठेवणे शहाणपणाचे आहे.

संदेश पोचूनही वाचता आला पाहिजे. अनेक जुन्या हँडसेटांवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. २०१६ मध्ये भारतीय मानक १६३३३ चा तिसरा भाग आला. त्यानुसार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांतले संदेश फोनवर वाचता येणे, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणे अपेक्षित आहे.

७. दऱ्या आणि दर्या

वरच्या संदेशात 'वाऱ्याचा' हा शब्द आहे. मराठीत वारा या शब्दाची विभक्तिरूपे 'ऱ्य' शिवाय लिहिता येत नाहीत. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. पहिला प्रकार : ऱ (२३५३), हलन्त चिन्ह (२३८१), य (२३५१). दुसरा : साधा र (२३५२), हलन्त चिन्ह, न दिसणारा जोडक (८२०५), य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ॲपच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. एका प्रकाराने लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने शोधला तर सापडत नाही. युनिकोडची मजकूर एकरूप करण्याची ठरलेली पद्धतही या दोघांना एक मानत नाही. ते काम ॲप लिहिणाऱ्यालाच करावे लागते.

दुसऱ्या प्रकारात आणखी एक धोका आहे. अनेक ॲप 'स्वच्छता' म्हणून न दिसणारी चिन्हे काढून टाकतात. जोडक गेला की र चा रफार होतो. मराठीत हा फरक केवळ दिसण्याचा नाही. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. 'दऱ्यांत उतरू नका' ही सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी सूचना. जोडक गेला की ती 'दर्यांत उतरू नका' होते आणि समुद्राबद्दल बोलू लागते. पडद्यावर कचरा नाही, चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही. वाक्य शुद्ध दिसते आणि अर्थ चुकलेला असतो. अशी चूक यंत्र पकडत नाही. भाषा येणाऱ्या माणसानेच ती पकडावी लागते.

ऱ हे अक्षर तमिळच्या तक्त्यातही त्याच ६४० च्या अंतरावर आहे. तमिळमधील कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी हेच अक्षर वापरतात, आणि मराठीचा अर्धा ऱ्य ही त्याच अक्षराला सोपवला गेला.

'ॲ' ची कथा वेगळी आहे. हे अक्षर (२४१८) युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. तोवर लोक अ (२३०९) वर अर्धचंद्र (२३७३) देऊन काम भागवत. त्यामुळे 'ॲप' हा शब्दच आज दोन प्रकारे साठवलेला आढळतो, आणि काही फोनवर जुन्या प्रकारात अर्धचंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ येते.

८. बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखावे?

वरील इतिहासातून तपासणीचा एक क्रम हाती येतो. आधी पडद्यावर काय दिसते ते पाहावे.

- *टोपीची किंवा रेघांची रोमन अक्षरे :* यूटीएफ-८ मजकूर एक-बाइटी तक्त्याने वाचला आहे. मूळ बाइट शाबूत असतील तर मजकूर पूर्ण परत मिळतो.
- *काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह :* एक-बाइटी मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचला आहे, किंवा अक्षर मध्येच कापले गेले आहे. या अवस्थेत पुन्हा साठवल्यास मूळ बाइट नष्ट होतात.
- *साधी प्रश्नचिन्हे :* लहान तक्त्यात लिहिताना न मावणाऱ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्ह घातले गेले. मूळ अक्षर गेले. उगमाकडून पुन्हा आणण्याखेरीज उपाय नाही.
- *रिकामे चौकोन :* मजकूर ठीक आहे. फोनवर त्या लिपीचा फॉन्ट नाही.
- *ठिपक्यांचे वर्तुळ, सुटी मात्रा :* अक्षरांचा क्रम बिघडला आहे किंवा जोडाक्षर जुळवणारी प्रणाली कमी पडली आहे.

शेवटच्या गटात एक गंभीर प्रकारही घडला आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका तेलुगू जोडाक्षराच्या विशिष्ट क्रमाने आयफोनवरील ॲप बंद पडू लागली आणि ॲपलला काही दिवसांत दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली. मजकूर अचूक होता. तो रेखाटणारी प्रणाली चुकली होती.

यानंतर मजकुराचा प्रवास उलट दिशेने तपासावा : पडदा, ॲप, जाळ्यावरून आलेला प्रतिसाद, माहितीसाठा, मूळ फाइल. प्रत्येक टप्प्यावर अक्षर पाहू नये, अंक पाहावेत. अंशचिन्हाच्या जागी १९४, १७६ असेल तर तेथवर सर्व ठीक आहे. जेथे प्रथम १९५, १३०, १९४, १७६ दिसेल, किंवा ६३ (म्हणजे साधे प्रश्नचिन्ह) दिसेल, त्याच्या लगेच आधीच्या टप्प्यावर करार हरवला आहे. दुरुस्ती तेथेच करायची, पडद्यावर नाही.

समारोप

आपत्तीचे इशारे देण्यासाठी आज जगभर 'सामायिक इशारा प्रणाली' वापरतात. तिची १.२ ही आवृत्ती २०१० ची. भारतातही याच नमुन्यावर इशारे पाठवले जातात. या नमुन्यातील फाइलीच्या पहिल्या ओळीत मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे ते सांगण्याची सोय आहे, आणि एकाच इशाऱ्यात अनेक भाषांचे विभाग ठेवून प्रत्येकावर भाषेचे नाव घालता येते. संकेतपुस्तक ठाऊक असेल असे गृहीत धरण्याऐवजी ते कोणते, हे संदेशच सांगतो. तारेतल्या १०३४२ पासून आपण एवढे पुढे आलो आहोत.

नुंगंबाक्कमच्या आवारात १७९२ चा स्तंभ आणि आजचे हवामान केंद्र शेजारी शेजारी आहेत. स्तंभावरचे तमिळ वाचायला फक्त तमिळ यावे लागते. केंद्रातून निघालेली तमिळ किंवा मराठी ओळ फोनवर वाचायला मात्र मधल्या प्रत्येक टप्प्याने एकच करार पाळावा लागतो. ॲप लिहिणाऱ्याने तो पाळला, तर सखल भागात राहणाऱ्या माणसाला 'जाऊ नका' हे दोन शब्द वेळेवर आणि शुद्ध मिळतात.

स्वाध्याय

१. १७६ हा अंक वेगवेगळ्या तक्त्यांत कोणकोणती चिन्हे दर्शवतो? यावरून काय निष्कर्ष निघतो?
२. आपल्या गावाचे नाव देवनागरीत लिहून त्यातील युनिकोड घटक आणि यूटीएफ-८ मधील बाइट मोजा.
३. सहाव्या विभागातील इशारा अर्थ न बदलता ७० घटकांत बसेल असा पुन्हा लिहा.
४. 'दऱ्या' हा शब्द दोन्ही प्रकारांनी लिहून आपल्या फोनवरील तीन ॲपमध्ये शोधून पाहा आणि निरीक्षणे नोंदवा.